दहापैकी तीन

ती यादी आमच्या स्टाफरूममध्ये पोचली तेव्हा मी डबा उघडत होते. देशातल्या दुःखी शहरांची यादी, म्हणे. कुणीतरी कुणाला पाठवली, त्यानं शाळेच्या ग्रुपवर टाकली, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांचे अंगठे तिच्यावरून फिरू लागले. आमची बारामती चांगली वरच्या अंगाला होती. इंदापूरचं त्यात नावच नव्हतं.

"मॅडम, रुमाल देऊ का?" मराठीच्या बाईंनी विचारलं आणि सगळे हसले.

मी बारामतीत राहते आणि इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. इंदापूरकरांना बारामतीची टिंगल करायला एरवीही कारण लागत नाही, इथं तर आयतंच हातात पडलेलं. माझा राग असतो नाकाच्या शेंड्यावर. डबा तसाच ठेवून मी उभी राहिले. म्हटलं, आमचे रस्ते बघा, झाडं बघा, कालव्याच्या कडेचा चालायचा रस्ता बघा. कॉलेजं बघा, तुमचीच पोरं तिथं शिकायला येतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो? आणि ह्या यादीवाल्यांनी विचारलं तरी कुणाला?

मी एवढं म्हणाले आणि तिथंच अडखळले. कारण विचारलं होतं. आम्हालाच विचारलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी एक मुलगी दारात आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चेहरा उन्हानं लालबुंद. मी तिला आत घेतलं, माठातलं पाणी दिलं, चहा टाकला. कुठल्याशा संस्थेकडून ती लोकांना प्रश्न विचारत हिंडत होती. ही यादी त्याच प्रश्नांतून निघाली की दुसऱ्या कुठल्या, देव जाणे. पाणी किती वेळ येतं, अंधार पडल्यावर बाहेर जायला भीती वाटते का, शेजाऱ्यांशी बोलणं होतं का, असं सगळं विचारून झालं. शेवटी ती म्हणाली, "शून्य ते दहामध्ये सांगायचं, तुम्ही इथं किती सुखी आहात?"

शेजारच्या वहिनी तेव्हा आमच्याकडंच बसल्या होत्या. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत नुकतीच झालेली. दारात गाडी, घरभर नवा संगमरवर, गच्चीच्या कोपऱ्याला काळी बाहुली उलटी टांगलेली. त्या म्हणाल्या, "पाच लिव." मी मनात नऊ म्हणाले आणि तोंडानं सात. आमचे हे कॉटवर पेपर घेऊन बसले होते. पेपर खाली न घेताच त्यांनी सांगितलं, "तीन."

मी हसले. मुलीला म्हटलं, "आमच्याकडं असंच सांगतात गं. तू आपलं सहा-सात लिही."

"नाही मॅडम, सांगतील तेच टाकावं लागतं," ती म्हणाली आणि तिनं तीन टाकले. चहा पिता पिता तिनं खिडकीतून दिसणाऱ्या वहिनींच्या बंगल्याचं कौतुक केलं, तर वहिनी लगेच म्हणाल्या, "कसला बंगला, चार भिंती हायत."

तर स्टाफरूममध्ये मी ही सगळी गोष्ट सांगितली आणि तिच्यावरून माझा सिद्धांतच मांडला. म्हटलं, आपल्याकडं सुख कुणी उघडं सांगतं का? ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि कुणी विचारलं तर माणूस म्हणतो, हाय आपला बरा. पोरगा मोठा साहेब झाला तरी बाप सांगतो, लागलाय कुठंतरी. माझ्या सासूबाई गाईनं दूध जास्त दिलं त्या दिवशी चरवीवर फडकं टाकून गोठ्यातून घरात यायच्या. बाळ जितकं गुटगुटीत तितकी गालावरची तीट मोठी. तशी आपण सुखालाही तीट लावतो, नजर नको लागायला म्हणून. ह्या यादीवाल्यांनी तीट तेवढी मोजली आणि बाळाचा चेहरा बघायचा सोडून दिला.

सगळ्यांना हे फार आवडलं. मराठीच्या बाई म्हणाल्या, लिहून काढा मॅडम. मी खूश होऊन जेवायला बसले.

आमचे गणिताचे सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. इंदापूरचेच. घरचं कापडाचं दुकान आहे, भाऊ बघतात, ह्यांना गणिताचं वेड म्हणून शाळेत आले. रमजानात ते आमच्या डब्यांकडं पाठ करून बसतात, आम्हाला संकोच वाटू नये म्हणून. माणूस कमी बोलतो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची तीट दोन मार्कांची होती. नवाचे सात केलेत तुम्ही."

"हो."

"मग साहेबांच्या तिनात दोन मिळवले, तर पाचच होतात की."

मी घास हातात धरून बसले. ते घाईनं म्हणाले, "नाही, मी आपलं हिशोब म्हणून बोललो." तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे उठले.

पाचच होतात. तासाला मी आठवीच्या वर्गावर विनाकारण ओरडले. प्रयोगाचं साहित्य काढताना चंचुपात्र फोडलं. पाच म्हणजे कसंबसं पास झालेलं पोर, आणि ते पास तरी वरून मिळवलेल्या मार्कांवर. एकदा वाटे, गंमतच केली असेल ह्यांनी. मग वाटे, हे गंमत करतात ती कशी करतात मला चांगलं माहीत आहे, गंमत करताना हे आधी माझ्याकडं बघतात. त्या दिवशी पेपर खाली आला नव्हता.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. एरवी निमगाव यायच्या आत मला झोप लागते. त्या दिवशी डोळा लागेना. शेळगावला गाडी थांबली तेव्हा मी टक्क जागी होते.

शेळगाव म्हणजे ह्यांचं गाव. लग्न होऊन मी तिथंच आले. हे लोणी देवकरच्या एका कंपनीत पाळ्यांवर होते, मी इंदापूरला नव्यानं लागलेली. मुलगी शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा बारामतीला चला म्हणून धोशा लावला तो मी. चांगली शाळा, चांगली ट्यूशन, पुढं कॉलेज. माझं जाणं-येणं लांबत होतं तरी मीच लावला. हे आले. घराचा आपला वाटा धाकट्या भावाला वापरायला दिला आणि निमूट आले. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला गेली. हे रिटायर झाले. त्याला आता दोन वर्षं होत आली. मी अजून त्याच रस्त्यानं, ह्यांच्याच गावावरून, सकाळी जाते आणि संध्याकाळी येते.

आणि रोज संध्याकाळी, मी पर्स खुंटीला लावायच्या आत, हे विचारतात, "आज शेळगावात कोण चढलं?"

मी दमलेली असते. कणीक मळायची असते. कधी म्हणते, कुणी नाही. कधी म्हणते, मी काय कंडक्टर आहे का? हे मग "आसं आसं" म्हणून टीव्हीकडं वळतात. वर्षानुवर्षं मी असं म्हणत आले आणि हा प्रश्न मला पावसापाण्याच्या गप्पांसारखा वाटत आला.

त्या दिवशी मी खिडकीतून नीट बघितलं. एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे चढले, काखेत पिशवी, हातात छत्री. घरी आल्यावर प्रश्न आला तसं मी वर्णन सांगितलं.

हे ताटावरून म्हणाले, "डावा पाय वढत चालत व्हतं का?"

"हो, जरासं."

"मंजे आमच्या मळ्याशेजारचं आबा! आजून एकटं फिरत्यात? अगं, त्येंनी मला पोहायला शिकवलं. इहिरीत ढकलून दिलं आन् वरनं म्हणत्यात, मरायचं नसंल तर ये वर." आणि हे हसायला लागले. मग आबांचा बैल, आबांच्या लग्नात जेवणावळीला पडलेला पाऊस, आबांनी तमाशाला जायला घरी मारलेल्या थापा. भाकरी गार झाली. हात वाळून गेला. ह्यांना इतकं बोलताना बघून मला कितीतरी महिने झाले होते, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली.

भांडी घासून आल्यावर मी सरळच विचारलं. "त्या मुलीला तीन सांगितलेत, ते खरं होतं का?"

"कोणत्या पोरीला?"

"टॅबवालीला."

"ती व्हय. अगं, ती उनातनं आल्ती. लवकर मोकळी व्हावी म्हणून सांगितलं कायतरी."

"मग दहा सांगायचे. दहा सांगायला काय जास्त वेळ लागतो?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी उभी राहिले, बसले, परत उठून ओटा पुसला. पुसलेलाच होता.

पुढच्या रविवारी मी ह्यांच्याबरोबर फिरायला गेले. रिटायर झाल्यापासून हे रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालतात. मी कधी गेले नव्हते, रविवारची झोप मला सोन्यासारखी. सकाळ फार सुंदर होती, खोटं का बोला. पाणी भरून वाहत होतं, दोन्ही बाजूंना झाडं, बाकांवर गप्पा मारत बसलेली माणसं. मनात म्हटलं, ये म्हणावं त्या यादीवाल्यांना आणि बघ म्हणावं.

समोरून एक गृहस्थ आले. हे म्हणाले, "रामराम." ते गृहस्थ मोबाइलवर बोलत पुढं गेले. दोन बायका आल्या, त्यांना काही म्हणायचा प्रश्न नव्हता. मग एक जोडपं. "रामराम." जोडप्यानं एकमेकांकडं बघितलं. गावात समोरून माणूस आला आणि रामराम घातला नाही तर दोघांचं काहीतरी बिनसलंय असं धरतात. ह्यांना ती सवय सुटलेली नाही, हे मला माहीतच नव्हतं. मग एक तरुण पळत आला, कानात बोंडं घातलेली. "रामराम," हे म्हणाले. तो थांबला, एका कानातलं काढलं. "काय अंकल? टाइम?" आणि त्यानं वेळ सांगितली.

"हां. बरं," हे म्हणाले. तो पळत निघून गेला. ह्यांच्या मनगटावर घड्याळ होतं.

मला त्या पोराच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. पण त्याची काय चूक? थांबला, उत्तर दिलं, चांगल्या घरचा मुलगा. बारामतीचीही काय चूक? चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर माझा राग जायचा कुठं? मी भराभर चालू लागले, इतकी की हे मागं राहिले आणि म्हणाले, "अगं, गाडी चुकती का तुजी?"

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. शहराचा आकडा काढतात तरी कसा, हेच डोक्यात. आमच्या घरात दोन माणसं. एक नवाचं, एक तिनाचं. एकाच चहाच्या भांड्यातला चहा पिणारी. दोघांची सरासरी काढली तर सहा येतात, आणि सहाचं माणूस तर आमच्या घरात कुणीच नव्हतं. बरं, नवाच्या माणसाला शेजारच्या कॉटवरचं तीन इतकी वर्षं दिसलं नाही, तर कुठल्या लांबच्या ऑफिसात बसून यादी करणाऱ्याला काय दिसणार? त्याच्यावर मी उगीच चिडले होते.

शेवटी मी ठरवलं. शनिवारी रात्री सांगून टाकलं, "उद्या शेळगावला जायचं."

"कशाला? काय कार्य हाय का?"

"कार्य कशाला लागतं? तुमचं गाव आहे."

"बग बाबा," एवढंच म्हणाले. पण सकाळी मी उठले तेव्हा ह्यांची दाढी झाली होती. पांढरा शर्ट, टोपी, चपलांना पॉलिश. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यानं जाताना मला चुकल्यासारखं होत होतं. हे मात्र लासुर्ण्यापासूनच खिडकीबाहेर मान काढून बसले.

उतरलो तर स्टँडवरच हाक आली, "तात्याऽऽ!" ह्यांना बारामतीत काका म्हणतात, अंकल म्हणतात. तात्या ऐकलं आणि हे असे ताठ झाले की मला हसूच फुटलं. चहाच्या टपरीवरचे दोघं उठून आले. हातात हात घेतले.

"कवा आलात?"

"ह्ये काय, आत्ता."

"मुक्काम हाय न्हवं?"

"न्हाय. जायाचं परत."

पुढं देवळापाशी एक जण भेटला. कवा आलात, कवा जाणार. पिठाच्या गिरणीपाशी आणखी एक. कवा आलात, कवा जाणार. सगळे मनापासून विचारत होते. हे उत्तर देत होते आणि प्रत्येक वेळी "जायाचं परत" जरा हळू म्हणत होते.

घरी दीर आणि जाऊ बाहेरच होते. घराला पुढं तीन दगडी पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर बसून हे पाळीवर जायच्या आधी चहा प्यायचे, तिथंच बसून मुलीला मांडीवर घेऊन खेळवायचे. दीर एका पायरीवर बसले होते, शेजारचे दोघं वरच्या. आम्हाला बघून सगळे उठले. दिरांनी आत हाक दिली, "सूनबाई, खुर्च्या आणा."

"आसू दे की. बसतो हितंच," हे म्हणाले आणि पायरीकडं वळले.

"छ्या! पाव्हणं का खाली बसत्यात?" दीर हसत म्हणाले आणि ह्यांना दंडाला धरून थांबवलं. सुनेनं लाल प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसली. हे बसले. बाकीचे परत पायऱ्यांवर. आम्हाला ट्रेमधून कपबशीत चहा आला, त्यांनी आपापल्या पेल्यांतून घेतला. आधी त्यांचं पाण्याच्या पाळीवरून काहीतरी चाललं होतं. ते त्यांनी थांबवलं आणि ह्यांना विचारलं, "मग, बारामती काय म्हणती? मजा हाय तुमची."

"चाललंय आपलं," हे म्हणाले.

जावेनं माझी ओटी भरली, शेंगा बांधून दिल्या. पदर डोळ्याला लावला. प्रेमात कुठं काही उणं नव्हतं. मी सारखी ह्यांच्याकडं बघत होते. हे खुर्चीत पुढं सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, डॉक्टरकडं नंबर लावून बसावं तसे. जेवून जा म्हणून दीर फार मागं लागले. हे म्हणाले, गाडी आहे. गाडीला अवकाश होता.

परतताना गाडी निम्मी मोकळी. ह्यांनी मला खिडकी दिली.  मग मी जे बोलले ते बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. बारामतीचं घर मी हट्टानं घेतलं होतं, त्याच्या प्रत्येक कुंडीवर माझा जीव आहे.

"आपण इकडंच येऊ राहायला," मी म्हटलं. "बारामतीचं घर देऊ भाड्यानं. मलाही शाळा जवळ पडेल."

हे हसले. "न्हाय गं. बगितलंस न्हवं? खुर्ची दिली मला."

"त्यांनी मानानं दिली."

"मानानंच की. घरच्याला कोण मान देतं?"

गाडी अंथुर्ण्याला थांबली, सुटली. मला आता थांबवेना. "मग तीन खरंच होते."

हे समोरच्या सीटच्या दांड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय."

मी इतके दिवस हेच ऐकायला जिवाचं रान करत होते आणि ऐकल्यावर वाटलं, विचारलं नसतं तर बरं. शाळेतली सवय जात नाही, मार्क कुठं दिले ते विचारायची. म्हटलं, "इथं कुणी बोलायला नाही, तिकडं खुर्ची. मग ते तीन तरी कशाचे दिलेत?"

"तुजं."

"म्हणजे?"

"सांजच्याला तू येतीस. कडी वाजती. मग बरं वाटतं," हे म्हणाले. "त्येचं तीन."

दुसऱ्या कुठल्याही बाईला हे ऐकून भरून आलं असतं. मलाही आलं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी भीती वाटली. ह्यांचं होतं नव्हतं तेवढं सुख माझ्या एकटीवर टांगलेलं, आणि मी सकाळी झुंजुमुंजू असताना घर सोडते ती दिवेलागणीला परतते. मधला सगळा दिवस ह्या माणसाला शून्य मार्क असतात. मी ह्यांचा हात धरला. गाडीत ओळखीचे होते, तरी धरला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि मला रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.